सावडीला गेलेला बबन

अण्णा, बबन परत गेला नाही. डोंगराकडच्या त्या छोट्या फुटबॉल क्लबातच त्यानं तीन वर्षांच्या करारावर सही केली. बातमी आली ती नेमकी तुमच्या दहाव्याला. नदीवरून सगळे नुकते परत आले होते, जाऊबाई पानं मांडत होत्या. मी हात पुसून मोबाईल बघितला, तर बबनचा फोटो. हातात नवा शर्ट, दात काढून हसतोय. मी केवढ्यांदा म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हते का!" आणि तुमच्या खोलीकडं वळलेसुद्धा. जाऊबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मग मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. भांडण मी जिंकले होते, पण चिडवायला घरात तुम्हीच नव्हता.

त्या दहा दिवसांत लोक तुमच्याबद्दल खूप बोलले. तुमच्या कुस्त्या, तुमचा राग, तुम्ही एकट्यानं खणलेली विहीर. बबनचं नाव कुणी काढलं नाही. काढणार कुठून? गावाला एवढंच माहीत, की म्हातारा आणि सून शनिवारी मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात. शेजारचे रंगनाथभाऊ तर मला परवा म्हणाले, "अण्णांना मोबाईलवर भजनं ऐकवायचीस ना गं तू?" मी म्हटलं, हो. काय सांगत बसू?

मी आले होते ती थोड्या दिवसांसाठी. तुमची उजवी बाजू गेली तेव्हा आईंना जाऊन चार वर्षं झाली होती. थोरले दीर आणि जाऊबाई पुण्यात, त्यांच्या पोरांच्या शाळा. आम्ही दोघं नवरा-बायको संगमनेरला. संजयची दूध संघातली नोकरी, त्याला सुट्टी मिळेना. राहिले मी. मीही संगमनेरच्या एका शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवत होते, पण ते कुणी धरलंच नाही. "तुझ्यामागं काय पोरंबाळं न्हाईत," जाऊबाई म्हणाल्या. वाईट मनानं नाही म्हणाल्या, पण लागायचं तिथं लागलं. दिवाळीच्या तोंडावर मी एक बॅग घेऊन शेवगावच्या स्टँडवर उतरले आणि तिथून जीपनं गावात. कुणी म्हटलं महिना, कुणी म्हटलं दोन. अडीच वर्षं झाली.

पहिले दोन-तीन महिने आपण एका घरात परक्यासारखे राहिलो, आठवतंय? अंघोळ घालायला रंगनाथभाऊ यायचे, बाकी सगळं माझ्याकडं. सासऱ्यापुढं सुनेनं बसायचं नाही ही आपल्या घरची रीत, म्हणून मी डोक्यावरचा पदर सांभाळत उभ्यानं तुम्हाला भरवायचे आणि तुम्ही भिंतीकडं बघून घास घ्यायचात. माझी कंबर मोडायची. मनात म्हणायचे, एवढा मोठा पैलवान आणि सुनेशी दोन शब्द बोलायला जीभ उचलत नाही याची. जीभ खरंच उचलत नव्हती हे मला उशिरा समजलं.

मग तो रविवार. संजय येऊन गेला आणि जाताना टीव्हीवर कसला तरी चॅनल चालू ठेवून गेला. रिमोट कॉटखाली पडला. तुम्हाला तो उचलता येईना आणि मला हाक मारायची नाही असा तुमचा हट्ट. म्हणून तुम्ही तासभर विलायतेतला फुटबॉल बघत पडलात. मी दिवा लावायला आत आले तर तुम्ही डावा हात हलवताय. "मास्तरीण," तुम्ही म्हणालात, "हे बघ." तुम्ही मला काही म्हणून हाक मारल्याची ती पहिली वेळ. पडद्यावर एक पोरगा बदली म्हणून आत येत होता. एकोणीस वर्षांचा, आखूड मानेचा. आत येताना तो वाकला, गवताला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. तुमचे डोळे असे चमकले! "तालमीतलं पोरगं हाय हे," तुम्ही म्हणालात. "मातीला शिवल्याबिगर आत आलं न्हाई."

त्याचं इंग्रजी नाव मी तुम्हाला चारदा वाचून दाखवलं. तुमच्या जिभेवर ते काही बसेना. शेवटी वैतागून म्हणालात, "त्येचं नाव बबन." शेवगावच्या तालमीतला तुमचा जोडीदार बबन अगदी अशाच मानेचा होता म्हणे. झालं, बारसं झालं. त्या दिवशी तो दहा मिनिटं खेळला. त्यात एकदा घसरून पडला आणि एकदा चेंडू थेट प्रेक्षकांत मारला. "भ्यालंय," तुम्ही म्हणालात, "पहिल्या फडाला म्या बी भ्यालो हुतो." मी रात्रीच्या भाकरी थापताना मोबाईलवर त्याची सगळी माहिती काढली. आठ वर्षांचा असल्यापासून तो त्याच मोठ्या क्लबात होता. डाव्या बाजूनं बचाव करायचा आणि संधी मिळाली की पुढं पळायचं, हे त्याचं काम.

दुसऱ्या मॅचला मी चौकटीला टेकून उभी होते. "बस की," तुम्ही म्हणालात. "असू द्या." "पाय काय लोकाचं हायती व्हय तुझं? बस म्हन्तो ना." मी जमिनीवर बसले. पुढच्या वेळी खुर्चीवर. आणि मग एकदा बबननं गोलाच्या रेषेवरून चेंडू बाहेर काढला, तेव्हा मी एवढ्यांदा किंचाळले की रंगनाथभाऊ अंगणातून धावत आले. त्यांना वाटलं, अण्णांचं काही झालं. बघतात तर मी तुमच्याच कॉटवर, पदर खांद्यावर, आणि आपण दोघं हसतोय. त्यानंतर मी तुमच्यापुढं डोक्यावर पदर घेतला नाही. तुम्हीही कधी लक्षात आल्याचं दाखवलं नाहीत. किती सोपं केलंत ते माझ्यासाठी!

पुढच्या हंगामात क्लबानं त्याला वर्षभरासाठी समुद्राकाठच्या दुसऱ्या एका क्लबाकडं खेळायला दिलं. मी वाचून सांगितलं तेव्हा तुम्ही उठून बसायला निघालात. "दिलं म्हंजी? इकलं?"

"विकलं नाही अण्णा. वर्षभर त्यांच्याकडून खेळायचं. मग परत आपल्या क्लबात."

तुम्ही परत उशीला टेकलात. "मंग सावडीला दिलाय म्हन की. आसं नीट सांगावं."

मला सावड ठाऊक नव्हती. तुम्ही समजावून दिलीत. तुमच्याकडं एक बैल, शेजाऱ्याकडं एक. एका बैलावर औत चालत नाही, म्हणून दोघांची जोडी लावायची आणि आळीपाळीनं दोघांची रानं नांगरायची. तुमचा सगळा सुरुवातीचा संसार सावडीवर निघाला. आणि त्याचे कायदे होते. ज्याच्या रानात काम, त्याच्याकडं वैरण. भर उन्हात औत सोडायचंच. आणि मालकानं तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बैलाचा खांदा बघायचा. एकदा तुमचा बैल खांदा सुजून घरी आला, तर त्या घरचं पाणी तुम्ही सात वर्षं प्यायला नाहीत. हे सांगताना तुम्हाला पुन्हा राग आला होता.

त्या दिवसापासून विलायतेतला सगळा फुटबॉल तुम्ही सावडीच्या कायद्यानं चालवलात. बबनला नीट जेवायला देत असतील का? दर शनिवारी पळवतात, मधे सोडतात की नाही? आणि त्याच हिवाळ्यात त्या समुद्राकाठच्या क्लबात बबनचा गुडघा गेला. मी भीत भीतच सांगितलं. तुम्ही पहिलं काय विचारलंत? "मालकाकडचं कोन बघाया गेलं का?" मी शोध शोध शोधलं. मोठ्या क्लबानं दोन ओळी लिहिल्या होत्या, लवकर बरा हो म्हणून. "लिवून खांदा बरा हुतो व्हय!" तुम्ही असे चिडलात की त्या संध्याकाळी जेवलाही नाहीत. मी ताट घेऊन उभी, आणि तुम्ही कुण्या गोऱ्या साहेबाला शिव्या देताय. मला हसूही येत होतं आणि तुमचा राग मनाला लागतही होता.

मग तुम्हीच उपाय काढलात. बबन खेळतो शनिवारी, म्हणजे तो शनीच्याच हाताखाली. संजय त्या शनिवारी येणार होता. त्याला वाट वाकडी करून शिंगणापूरला पाठवलंत, तेल वाहायला. त्यानं तिथून फोन केला, "कुणाच्या नावानं वाहू?" तुम्ही माझ्या हातातून फोन ओढून घेतलात. "बबन. मुक्काम विलायत. डावा गुडघा." संजयनं नंतर मला हळूच विचारलं, अण्णांच्या डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना? मी म्हटलं, झालाय, माझ्याही झालाय, तू तेल वाहा. बबन चार महिन्यांनी पळायला लागला. मी डॉक्टरचं नाव काढलं तर तुम्ही नुसते हसलात.

मागच्या वर्षी पुन्हा सावड. या वेळी डोंगराकडचा तिसऱ्या पातळीवरचा क्लब. त्यांच्या मॅचा इथं कुठून दिसणार? मोबाईलवर इंग्रजीतून एकेक ओळ यायची, ती वाचून मी तुम्हाला मराठीतून खेळ सांगायचा, असं आपलं सुरू झालं. ओळ यायची एवढीशी, डावीकडून चेंडू आत, बचावानं परतवला. तुमचं भागायचं नाही. "कुठल्या पायानं मारला?" आता ते कुठं लिहिलेलं असतंय? मी ठोकून द्यायचे, डाव्या. "मघाशी तर डाव्या अंगावर पडला म्हनलीस. लगीच डाव्या पायानं आसा मारील?" पकडलंत! पुढं पुढं मी फार जपून खोटं बोलायला लागले. कोण कुठं पडलंय, कुणाला लागलंय, सगळं ध्यानात ठेवायचे. वर्गात शिकवताना मी एवढी तयारी कधी केली नव्हती, अण्णा. आणि वर्गाची आठवण मला शनिवारीच सगळ्यांत जास्त यायची. खडूची, मागच्या बाकावरच्या कुजबुजीची. तुमच्याजवळ मी ते कधी बोलले नाही.

एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांचा फोन आला. माझ्या जागेवरच्या बाई चालल्या होत्या, जूनपासून येता का? मी तुमच्या खोलीतच होते. "बघते," एवढंच म्हणाले. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. अडीच वर्षं तुमचं केल्यावर तुम्ही खरे झोपलात की खोटे हे मला कळत नाही होय? दुसऱ्या दिवशी तुम्ही काही बोलाल म्हणून मी वाट बघितली. तुम्ही औषधाचं विचारलंत, गाईचं विचारलंत. संजयला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, पण अण्णांचं कोण बघणार?" खरंच होतं त्याचं. पण मला राग आला. तो मी भाकरीवर काढला, भांड्यांवर काढला. तुमच्यावर काढायचा राहिला होता.

तो निघाला हंगामाच्या शेवटच्या मॅचला. संध्याकाळी पाचला सुरू झाली ती. बबनचा क्लब हरला असता तर खालच्या पातळीत जाणार होता. बरोबरी झाली आणि वाचले. तुम्ही डाव्या हातानं मांडीवर थाप मारलीत. आणि मग समाधानानं म्हणालात, "सावड संपली आता. आता घरी न्यायला पायजे त्येला."

"घरी नेऊन बाकावर बसवतील," मी म्हणाले. "इथं दर शनिवारी खेळतोय ना? इथंच राहू दे त्याला."

"आपलं घर त्ये आपलं घर. मालक बोलवील तवा गेलंच पायजे."

"मालक, मालक! बैल आहे का तो, अण्णा? आज याच्या दावणीला, उद्या त्याच्या! त्याला कुणी विचारलं का, बाबा रे, तुला कुठं राहायचंय? माहेरातून उचललं, संगमनेरला नेलं. तिथून उचललं, इथं आणून बांधलं. कुणी एका शब्दानं विचारलं?"

बोलून गेल्यावर मला कळलं की मी बबनबद्दल बोलत नाहीये. तुम्हाला ते माझ्याआधी कळलं असणार. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग दाराकडं बघितलंत आणि म्हणालात, "दूध उतू जातंय बघ." मी धावत गेले. गॅसवर दूध नव्हतंच.

नंतरचे आठ दिवस आपण नेहमीसारखेच बोललो. मी मनात ठरवलं होतं, शनिवारी मॅचच्या वेळी माफी मागीन. मॅच चालू असताना आपल्याला एकमेकांकडं न बघता बोलता यायचं ना, म्हणून. पण हंगाम संपला होता. शनिवारी मॅच नव्हती. मी कपडे धुतले, तुम्ही पेपर चाळलात. आणि रविवारी सकाळी चहा पाजताना तुमची मान माझ्या हातावर कलली.

तेराव्यापर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. या माणसानं शेवटचे आठ दिवस काय मनात घेऊन काढले असतील? की आपलं करताना सून स्वतःला दावणीला बांधलेली समजत होती? आले मी नाइलाजानं, ते कबूल. पण अडीच वर्षं नाइलाजानं नाही केलं, अण्णा. हे तुम्हाला सांगायचं राहिलं आणि आता सांगून काय उपयोग, असं म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा देत होते.

तेराव्याच्या दुपारी पाहुणे पांगले. मी आणि संजय मागून आणलेल्या सतरंज्या घड्या घालत होतो. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. तो मधेच थांबला. "अण्णांचा फोन आला होता मला," म्हणाला. "तो शेवटचा शनिवार झाला ना मॅचचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी. रंगनाथभाऊंच्या मोबाईलवरून."

म्हणजे अंघोळीच्या वेळी केलात तुम्ही तो. मी कपडे वाळत घालायला मागं गेले असताना.

संजयनं तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "तिला इचार. कुठं ऱ्हायचंय त्ये तिला इचार. तिच्या बापानं इचारलं न्हाई, म्या न्हाई, तू बी न्हाई. माझं नाव मधी घालू नको, माझं काय करायचं त्ये मागून बघू. आन ती बोलत आसताना मधी बोलू नको."

"मग विचारलं का नाहीस?" मी म्हटलं.

"पंधरा दिवसांनी येणारच होतो. म्हटलं, समोरासमोर विचारीन."

मग सतरंजीचं टोक हातात धरूनच त्यानं विचारलं, "वैशाली, तुला कुठं राहायचंय?" तुमचं ऐकलं त्यानं, मधे बोलला नाही. मी मात्र सुटले. आता विचारतोस? आता अडवणारं कोण उरलंय? तेव्हा विचारायचं होतंस, माणूस जिवंत होता तेव्हा! सतरंजी फेकून मी तुमच्या खोलीत जाऊन बसले. खूप रडले, आणि रडता रडता माझं मलाच लक्षात आलं की तुम्ही असताना तुम्हालाही कुणी विचारलं नव्हतं. दवाखान्यातून आणलं ते थेट या मागच्या खोलीत. तुम्हाला पुढच्या ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांत पडून राहायचं होतं का? मी रोज चहात किती साखर विचारायचे आणि हे कधीच विचारलं नाही. माझं चुकलं, अण्णा.

पण त्या शनिवारच्या ओरडण्याची माफी मी मागणार नाही. तीच मागायला हे लिहायला बसले होते, पण ओरडले नसते तर तुम्ही तो फोन केला नसता. आणि तुम्ही तो केलात, तेव्हा तुम्हाला पाण्याचा पेलासुद्धा माझ्याशिवाय मिळत नव्हता. तरीही म्हणालात, तिला विचार. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यासाठी असं कुणी केलं नाही.

मी दोन दिवस विचार केला. सोमवारी शाळा उघडतेय, मी संगमनेरला रुजू होतेय. नववीचे दोन वर्ग दिलेत मला. कुणी पाठवतंय म्हणून नाही, मला शिकवायचंय म्हणून जातेय. संजयला तसं सांगितलं, तर मान डोलावली त्यानं.

पण हे झालं आजचं उत्तर. तुम्ही विचारायला सांगितलं होतं ते त्या रविवारी. तुम्ही होता, हंगाम संपला होता, पुढचा ऑगस्टात सुरू व्हायचा होता. त्या दिवशी संजयनं मला फोन करून विचारलं असतं, तर मी मुख्याध्यापकांना नकार कळवला असता. त्याला म्हणाले असते, मला इथंच राहायचंय, अण्णांजवळ.